आईंची मिश्रीची डबी

माझ्या डाव्या गालाच्या आतली कातडी मूळची माझ्या डाव्या हाताची आहे. मनगटाच्या वरून काढून सर्जननी ती तोंडात बसवली. सुरुवातीचे काही महिने जीभ तिथे पोचली की दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटायचं. आता जीभही निर्ढावली आहे. हातावर एक चौकोन उरलाय. मी ज्या शाळेत टीचिंग असिस्टंट आहे तिथली मुलं विचारतात, "मिसेस जगताप, भाजलं का?" मी हो म्हणते.

हे लिहायला मला हेजलनं लावलं. हेजल म्हणजे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशंटना सांभाळणारी आमच्या हॉस्पिटलमधली नर्स. एकदा माझ्यासमोर तिनं माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, "बघ, यातली सगळी तोंडं गुलाबी आहेत. तू तुझ्या भाषेत, तुझ्या बायकांसाठी लिही." मी म्हटलं, मी काय लिहिणार, मला सुट्टीचा अर्जसुद्धा नीट लिहिता येत नाही. पण हेजलला नाही म्हणणं कठीण आहे.

तर आधीच सांगते. स्टेज, औषधांची नावं, डोस यातलं इथे काही मिळणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला एका डबीबद्दल सांगायचंय, आणि मी एका म्हाताऱ्या बाईला जे बोलू दिलं नाही त्याबद्दल.

डबी

सासरे गेले तेव्हा माझ्या सासूबाई कोरेगावजवळच्या गावाहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहायला आल्या. विलास, माझा नवरा, इंजिनिअर, त्यांचा एकुलता एक. आमची तन्वी तेव्हा दहा वर्षांची होती. मी विलासला अरेतुरे करते; आई आल्या त्या दिवसापासून त्यांच्यासमोर अहो-जाहो सुरू केलं आणि तो चहात मीठ पडल्यासारखं तोंड करायला लागला.

आईंच्या बॅगेत दोन नऊवाऱ्या, सासऱ्यांचा फोटो आणि एक गोल स्टीलची डबी होती. डबीत मिश्री. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, गाळायची आणि ती पूड सकाळी बोटानं दातांवर घासायची. थोडी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका असंच करत आल्या.

आणलेली संपली तेव्हा आईंनी माझ्या किचनमध्ये तवा ठेवला. दोन मिनिटांत स्मोक अलार्म कोकलायला लागला, वरच्या मजल्यावरून तन्वी कान दाबून धावत आली आणि शेजारची मार्गारेट दारात हजर. आई पदरानं अलार्मला वारा घालत होत्या. मी मार्गारेटला सांगितलं, पूजा आहे. त्यानंतर भाजायचा कार्यक्रम मागच्या बागेत, कॅम्पिंगच्या शेगडीवर. पानं विलास आणायचा, दर वर्षी गावाला गेला की, मेतकूट आणि चटण्यांच्या पुड्यांमध्ये गुंडाळून.

पुण्यात बीएस्सी झालेली मी. माझ्या माहेरी मिश्रीला नाकं मुरडायचे. पण एकदा माझी दाढ ठणकायला लागली, डेंटिस्टची यादी लांबच लांब, आणि आई म्हणाल्या, "लाव गं थोडी, बधिर होतंय." झालं. दाढ थांबली, मिश्री थांबली नाही. रोज सकाळी सातला आम्ही दोघी बागेत, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बोट तोंडात. घरात त्या सासू होत्या. बागेत त्या मला माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच्या अशा गोष्टी सांगायच्या की मी हसून हसून थुंकायची. परदेशात आल्यापासून माझी कुणाशी इतकी मैत्री झाली नव्हती.

विलासला माझं माहीत नव्हतं. तो तेव्हा शॉवरमध्ये असायचा. आईंचं सगळ्यांना माहीत होतं. पण ती तंबाखू आहे असं घरात कुणी म्हणतच नव्हतं. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात ती. मिश्री म्हणजे दात घासायचं मंजन.

"सांगू का?"

आईंच्या खालच्या ओठाच्या आत फोड आला. जाईना. मी त्यांना जीपीच्या सर्जरीत, म्हणजे आमच्या नेहमीच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुभाषी मागवायचा तर आणखी थांबा. मी म्हटलं, मीच करते.

डॉक्टर तरुण होती, आपल्यासारख्याच रंगाची, पण बोलणं पक्कं इंग्लिश. तिनं स्क्रीनकडे बघत विचारलं, सिगारेट? मी नाही म्हटलं. दारू? नाही. पान, सुपारी, काही चघळतात का, टोबॅको वगैरे?

मी नाही म्हटलं. आईंकडे वळलेसुद्धा नाही.

पण "टोबॅको" हा शब्द आईंनी पकडला. त्यांनी माझी बाही ओढली. "अगं, सांगू का मिश्रीचं?"

"नको आई. त्यांना नाही कळायचं."

डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतायत त्या?

मी म्हटलं, "जेवताना दुखतं म्हणतायत."

डॉक्टरनं लावायला जेल दिलं. आईंनी चार महिने ते जेल लावलं, आणि त्याच्या आधी रोज सकाळी मिश्री. शेवटी हॉस्पिटलनं बोलावलं तोवर कॅन्सर जबड्यात आणि मानेत गेला होता. कन्सल्टंट, म्हणजे तिथले मोठे डॉक्टर, फार सभ्यपणे म्हणाले की आता आपण त्यांना त्रास कमी कसा होईल ते बघू. पुढच्या मार्चमध्ये आई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलता येत नव्हतं. काही हवं असलं की त्या माझी बाही ओढायच्या.

मी का नाही सांगितलं? मला लाज वाटली. एवढंच. ही साडी नेसलेली बाई माझ्या घरची आहे, हे त्या खोलीत आधीच पुरेसं झालं होतं. त्यात ती जळकी तंबाखू दातांना चोळते हे इंग्रजीत कसं म्हणू? लोक काय म्हणतील हे आम्ही विमानातून बरोबर आणलेलं सामान आहे, आणि ते कस्टम्सवाले कधी उघडून बघत नाहीत.

आई गेल्यावर मी डबी फेकायला घेतली. कचऱ्याच्या बिनपर्यंत गेले. परत आले, खुर्चीवर बसले आणि बोट बुडवलं. वासात आई होत्या. हे कुणाला पटणार नाही, पण त्यांना जे खाऊन गेलं तेच मी त्यांच्या आठवणीसाठी रोज तोंडात धरत होते. पानंही त्यांनीच भरून ठेवली होती, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात, शेडमध्ये. ती संपल्यावर मी लंडनला, एजवेअरच्या आपल्याकडच्या दुकानातून आणली. म्हणजे आठवण वगैरे ठीक आहे, मला सवयही होती.

फोटो

माझ्या डाव्या गालाच्या आत, हिरडीपाशी, काहीतरी खरखरीत लागायला लागलं. जीपीकडे फोनवरच अपॉइंटमेंट. फोटो पाठवा म्हणाले. स्वतःच्या तोंडाच्या आतला फोटो काढून बघा एकदा. गुहेत टॉर्च मारल्यासारखा येतो. उत्तराचा मेसेज आला, तुमच्या वंशाच्या लोकांमध्ये तोंडात गडद डाग असणं नेहमीचंच असतं, गाल चावला गेला असेल, तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर कळवा.

मला तो मेसेज वाचून बरं वाटलं, हे कबूल करते. माझा रंगच तसा म्हणे. सुटले एकदाची, असं वाटलं. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले.

तन्वी ब्रिस्टलला इंजिनिअर आहे. वीकेंडला आली आणि जेवताना माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू एकाच साइडनी का खातेस?"

"दाढ आहे गं."

"नो, तुझा चेहरा पण सुजली आहे. ओपन."

ती मला सोमवारी सुट्टी काढून एका डेंटिस्टकडे घेऊन गेली. तो आधी खूप बोलत होता, हवेबद्दल, राउंडअबाउटवरच्या ट्रॅफिकबद्दल. तोंडात दिवा धरला आणि गप्प झाला. त्या गप्प होण्यातच मला कळलं. बाकीचं, तपासायला तुकडा काढणं, स्कॅन, पत्रं, हे नुसतं कागदोपत्री व्हायचं राहिलं होतं.

त्या दिवशी

निकालाच्या दिवशी खोलीत चौघं होतो. कन्सल्टंट बाई, हेजल, विलास आणि मी. टेबलावर टिश्यूचा डबा होता, नवा, पहिला टिश्यू वर ओढून ठेवलेला. असा डबा दिसला की समजून जा.

बाईंनी सरळ सांगितलं. कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल, नंतर रेडिओथेरपी. मी मान हलवत होते. विलासनं माझा हात धरला होता, घामानं ओला. मग बाईंनी फॉर्म ओढला आणि विचारलं, कधी स्मोकिंग केलंय?

"नो, नो, नेव्हर," विलास म्हणाला. "टोबॅको, ड्रिंक, नथिंग. आम्ही त्या टाइपचे लोक नाही."

माझ्याकडे वळलासुद्धा नाही.

तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. मी खरंच खाली बघितलं. विलासचा हात दुसऱ्या बाजूला होता. या बाजूला कुणी नव्हतं. "सांगू का गं?" अगदी तसाच आवाज, कोरेगावकडचा, थोडा घाबरलेला.

मी तोंड उघडलं तर इंग्रजीत शब्द सापडेना. बर्न्ट टोबॅको म्हणू? पावडर? टूथ पावडर? विलास म्हणत होता, "शी इज इन शॉक." मग मी पर्समध्ये हात घातला. डबी पर्समध्येच होती. हो, कॅन्सरचा निकाल ऐकायला जातानासुद्धा ती माझ्या पर्समध्ये होती, आणि त्या सकाळीही मी लावूनच निघाले होते. लाज वाटायची ती इथे वाटायला हवी.

मी डबी टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

"दिस," मी म्हटलं. "ऑन टीथ. एव्हरी मॉर्निंग. सोळा वर्षं." शेवटचं मराठीतच बोलले, मग बोटांनी दाखवलं.

विलास डबीकडे बघत होता. आईची डबी त्यानं ओळखली नसती तर नवल.

कन्सल्टंट बाईंनी वास घेतला. पेन ठेवलं. पुन्हा हातमोजे घातले आणि म्हणाल्या, नेमकी कुठे धरता ही? मी खालच्या ओठाच्या आत बोट लावलं. त्यांनी ओठ खाली ओढला, दिवा जवळ आणला. तिथे पुढच्या दातांच्या खाली आणखी एक छोटा पांढरा डाग होता. गाल दुखत होता म्हणून आतापर्यंत सगळे गालच बघत होते. आईंना जिथे झालं, नेमकी तीच जागा. तो अजून कॅन्सर झाला नव्हता. होण्याच्या वाटेवर होता. एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही निघाले.

"बरं झालं सांगितलंस," हेजल म्हणाली. तिला काय माहीत कुणी सांगितलं ते.

गाडीत

परत येताना विलास एका राउंडअबाउटला दोनदा फिरला. बाहेर पडायचा रस्ता त्याला माहीत होता, आम्ही पंचवीस वर्षं तिथून जातोय.

"आईच्या वेळी डॉक्टरना हे माहीत होतं?"

"नाही."

"कुणीच नाही सांगितलं?"

"आई सांगत होत्या. मी नको म्हटलं."

मी सगळं सांगितलं, जेवताना दुखतं म्हणतायत हे माझं वाक्यसुद्धा. घरी पोचल्यावर त्यानं गाडी बंद केली आणि तसाच बसून राहिला. मी आत जाऊन कुकर लावला. कॅन्सर झाला त्या दिवशीही वरणभात लागतोच.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा थांबला. म्हणजे "गोळी घेतलीस?", "उद्या नऊला निघायचं," एवढं बोलायचा. मला कॅन्सरची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटायची की हा माणूस मला कधी माफ करणार नाही आणि मी त्याचं न बोलणं बरोबर घेऊन मरेन.

खुर्च्या

रेडिओथेरपी सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार. ऑपरेशनच्या जखमा भरल्या की लगेच. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा प्लास्टिक मुखवटा करतात, तो घालून टेबलाला खिळवतात. तोंडात प्लास्टिकचा एक तुकडा असतो, त्यामुळे बोलता येत नाही. मशीन फिरतं. दहा-पंधरा मिनिटं. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी आधी सांगावं, ते गाणी लावतात, डोळ्यांपुढे जाळी कापून देतात.

माझी भीती वेगळी होती. माझी चव गेली होती, वास गेला होता, विलासनं केलेलं लसणाचं सूपही मला गरम पाण्यासारखं लागायचं. पण मुखवटा बसला, कड्या लागल्या, सगळे खोलीबाहेर गेले आणि दार बंद झालं की मला भाजलेल्या तंबाखूचा वास यायचा. रोज. मग बाही ओढली जायची. सांगू का? आणि माझं तोंड बंद. मी मनात म्हणायची, सांगा ना आई, सांगा, आता कोण अडवतंय. त्या पुन्हा विचारायच्या. तंत्रज्ञ मुलगी आत येऊन म्हणायची, "तू रडलीस वाटतं, मास्कमध्ये पाणी आहे."

बाहेर वेटिंगमध्ये, शेजारशेजारच्या तीन खुर्च्यांवर, एकाच वेळेचे आम्ही तिघं. कीथ, प्लंबर, गोरा, गोल पोटाचा. डेलरॉय, बसचा ड्रायव्हर, आईवडील जमैकाहून आलेले, तो जन्मला इथेच. आणि मी. कीथचा डाग त्याच्या डेंटिस्टनं सहामाही तपासणीत पाहिला होता, तांदळाएवढा असताना. डेलरॉय मानेतली गाठ दाखवायला जीपीकडे चारदा गेला होता. अँटिबायोटिक, पुन्हा अँटिबायोटिक, मग म्हणे बसमध्ये ओरडता का? "मी बस चालवतो, भाषण करत नाही," असं तो त्यांना म्हणाला होता.

तिसऱ्या आठवड्यात मानेची कातडी जळायला लागते. एक नवी नर्स रोज बघून लिहायची, लाली नाही, छान. माझी मान काळी पडून ताणली होती, तिथे ब्लाउजची किनार लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. पण लाली नव्हती, कुठून येणार?

"माझ्या अंगावर लाल शोधतायत," डेलरॉय म्हणाला. त्याचा आवाज तोवर घोगरा झाला होता. "बसा म्हणावं शोधत." कीथ हसला, मग त्याचा हात स्वतःच्या मानेवर गेला; ती टोमॅटोसारखी झाली होती आणि लाली दिसल्याबरोबर त्याला मलम मिळालं होतं. त्या दिवशी तो उठून स्वतः हेजलला बोलवायला गेला. हेजलनं नुसतं बघितलं नाही, माझ्या मानेला हात लावला. हात लावल्याबरोबर म्हणाली, "अगं देवा, हे भाजलंय." त्या दिवसापासून मलम. तर तुमची कातडी माझ्यासारखी असेल तर नर्सला सांगा, "बघू नका, हात लावा."

डेलरॉयनं मला एक रेशमी स्कार्फ दिला, निळा, बायकोचा. "मानेला कापूस टोचतो, हा टोचत नाही. मला लागला की परत घेईन." त्यानं तो परत मागितला नाही.

घरात

विलास रोज एक तास गाडी चालवून मला न्यायचा, आणायचा. आहारवाल्या बाई स्ट्रॉबेरी आणि व्हॅनिलाची पेयं द्यायच्या; दोन्ही मला भिंतीच्या रंगासारखी लागायची. विलासला आयुष्यात अंडं उकडता येत नव्हतं, तो मऊ भात शिजवून, मिक्सरमधून काढून, वर चहाच्या गाळणीनं गाळायचा. पातेल्यावर वाकून, घाम पुसत. वाटी माझ्यापुढे ठेवायचा आणि निघून जायचा. मी म्हणायची, बस ना इथे. तो म्हणायचा, भांडी आहेत.

तन्वीला मी सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग लॅपटॉप घेऊन बसली.

"आई, हे बघ, रिसर्च आहे. सेम कॅन्सर, पण कोण वाचतं ते सेम नाही. रंग, भाषा, पैसे, पोस्टकोड. लेट सापडतं, आणि लेट नसलं तरी गॅप राहतं. ग्राफ दाखवू?"

"नको. मी खुर्च्या बघितल्यात."

"मग कोणाची चूक आहे? डॉक्टरची की आपला?"

ज्यांनी स्क्रीनकडे बघत प्रश्न विचारला त्यांची चूक आहेच. त्यांच्या यादीत मिश्री नव्हती, माझ्या तोंडाचा रंग त्यांनी रोगाऐवजी वंशात घातला, डेलरॉयला चारदा परत पाठवलं. पण आईंच्या वेळी एक दार आतून मी लावलं होतं. तन्वी म्हणते, आई, स्वतःला ब्लेम नको करू. ती चांगली मुलगी आहे. तिला तो आवाज ऐकू येत नाही.

डेलरॉय पुढच्या शिशिरात गेला. कीथनं फोन करून सांगितलं. "एकच मशीन होतं ना आपलं," एवढंच म्हणाला. कीथ ठणठणीत आहे. मीही आहे.

None

या वर्षी मे महिन्यात माझी दोन वर्षांची तपासणी नीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सवयीनं बागेत जाऊन बसले. आता बोट तोंडात नसतं, कपात कोमट पाणी असतं. विलास बाहेर आला. आमच्या इतक्या वर्षांत तो त्या वेळी कधी बागेत आला नव्हता. आईंच्या खुर्चीवर बसला. हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं, आईंच्या हॉस्पिटलच्या कागदांचं.

त्यानं एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. हॉस्पिटलनं पहिल्या भेटीआधी भरायला पाठवलेला फॉर्म. त्यात प्रश्न होता, स्पष्ट, ठळक. तंबाखू कोणत्याही स्वरूपात: ओढणे, चघळणे, पान, सुपारी, दातांना लावणे, इतर. जागा सोडलेली होती, हवं तर सविस्तर लिहा म्हणून. त्यांच्या यादीत होतं, हो. हॉस्पिटलच्या यादीत होतं.

त्या जागेत विलासचं अक्षर होतं, कॅपिटलमध्ये, इंजिनिअरचं, एकसारखं. NONE.

"कार पार्कमध्ये भरला होता मी," तो म्हणाला. "त्याच्या पंधराच दिवस आधी तिच्यासाठी पानं घेऊन आलो होतो. दातांना लावणे, वाचलं मी ते. वाचून लिहिलं."

मी त्या चार अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मी तुझ्यावर रागावलो नव्हतो गं. मला तुझ्याकडे बघता येत नव्हतं." मग म्हणाला, "तुला तिनं विचारलं तरी. मी तिला विचारू दिलंच नाही."

दोन वर्षं मी त्याच्या माफीची वाट बघत होते, आणि तो माझ्या. आम्ही दोघं रडलो. मार्गारेट कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, ती हळूच आत निघून गेली.

त्यानं काही मिटलं असं म्हणणार नाही. तो वास अजून येतो. बहुतेक सकाळी.

डबी आता

डबी हेजलकडे आहे. तिनंच मागितली. मी घासूनपुसून दिली, तरी झाकणाच्या खाचेत काळं राहिलंय, ते निघत नाही. क्लिनिकमधल्या तिच्या ड्रॉवरमध्ये पानाची डबी, गुटख्याची रिकामी पुडी असं काय काय आहे आणि त्यात आईंची डबी. तोंडानं विचारून उत्तर मिळालं नाही की ती ड्रॉवर उघडून ते टेबलावर मांडते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात अशी डबी असेल, आणि तोंडातलं काहीही तीन आठवड्यांत बरं होत नसेल, तर डबी पर्समध्ये टाकून न्या. शब्द सापडला नाही तर टेबलावर ठेवा. कुणाच्या वतीनं बोलायला गेला असाल तर आधी त्यांच्याकडे वळा.

गेल्या आठवड्यात हेजलचा फोन आला. नाव-गाव काही सांगितलं नाही, तसा नियमच आहे. एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या म्हणे, साडी, वर कार्डिगन. बरोबर सून. हेजलनं तंबाखूचं विचारलं तर सून म्हणाली, "नो, नो, नेव्हर." हेजलनं ड्रॉवर उघडला. सून अजून नो म्हणत होती, आणि बाईंनी हात पुढे करून आईंच्या डबीवर बोट ठेवलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही.